मानवी कोफिलिन-१ : ई. कोलायमध्ये बनवणं, शुद्ध करणं आणि ते खरंच काम करतं का हे तपासणं

कोफिलिन-१ हे पेशीतले ॲक्टिनचे (पेशीचा सांगाडा बनवणाऱ्या प्रथिनाचे) तंतू तोडणारं आणि त्यांची उलाढाल वेगवान ठेवणारं छोटं प्रथिन. १६६ अमिनो आम्लं, वजन साधारण १८.५ किलोडाल्टन. ई. कोलायमध्ये ते भरपूर तयार होतं, बहुतेक सगळं विरघळलेलं राहतं आणि वळणावळणाची रीफोल्डिंगची (उलगडलेल्या प्रथिनाची पुन्हा घडी बसवण्याची) कटकट नाही. म्हणूनच ते फसवतं. जेलवर एकच स्वच्छ पट्टी दिसते आणि प्रथिन तयार झालं असं वाटतं. पण एन-टोक (साखळीचं सुरुवातीचं टोक) झाकलेलं असेल, सिस्टिनं ऑक्सिडाइझ झालेली असतील किंवा समोरचं ॲक्टिनच चुकीच्या अवस्थेत असेल, तर पुढचे सगळे प्रयोग उलटसुलट आकडे देतात. शुद्धीकरण खाली दिलं आहेच, पण जास्त लक्ष या तीन गोष्टींकडे द्या.

टॅग कुठे लावायचा

कोफिलिनचं एन-टोक ॲक्टिनला प्रत्यक्ष चिकटतं. तिसऱ्या जागेवरच्या सेरिनवर लिम-कायनेजने फॉस्फेट लावलं की प्रथिन ॲक्टिनला धरत नाही. पेशी त्याला असंच बंद करते आणि स्लिंगशॉट किंवा क्रोनोफिन ही फॉस्फेटेजं ते फॉस्फेट काढून पुन्हा चालू करतात. एका फॉस्फेटने इतका फरक पडतो, तर तिथे सहा हिस्टिडिनं आणि जोडणीचे दहा-बारा अवशेष तसेच ठेवले तर काय होईल याचा अंदाज करा. सी-टोकाला टॅग लावणं तुलनेने बरं, पण तंतूला धरणारा दुसरा पृष्ठभाग त्या टोकापासून फार लांब नाही, त्यामुळे तोही निर्धोक नाही.

सर्वांत सोयीची वाट म्हणजे पीईटी प्रकारच्या प्लाझ्मिडमध्ये हिस-सुमो-कोफिलिन (हिस म्हणजे निकेलला धरणारा हिस्टिडिनांचा टॅग, सुमो म्हणजे नंतर कापून काढायचं छोटं प्रथिन). यात यीस्टचा सुमो घ्या आणि कोफिलिन दुसऱ्या अमिनो आम्लापासून, म्हणजे ॲलानिनपासून सुरू करा. यूएलपी१ हे प्रोटिएज (प्रथिन कापणारं एन्झाइम) सुमोच्या शेवटच्या दोन ग्लायसिनांनंतर कापतं आणि मागे एकही जादा अवशेष राहत नाही. पेशीतही सुरुवातीचं मेथिओनिन काढूनच टाकलं जातं, त्यामुळे अमिनो आम्लांचा क्रम नैसर्गिक कोफिलिनसारखाच मिळतो. थ्रॉम्बिन किंवा टीईव्ही या दुसऱ्या प्रोटिएजांनी कापल्यावर एक-दोन अवशेष उरतात. साध्या बाइंडिंगला ते चालून जातं, पण तंतू तुटण्याच्या दराची तुलना छापील आकड्यांशी करायची असेल तर टाळा.

ई. कोलायमध्ये लिम-कायनेज नसतं, त्यामुळे मिळणारं प्रथिन आपोआप फॉस्फेटविरहित, म्हणजे चालू अवस्थेतलं असतं. निष्क्रिय कंट्रोल हवा असेल तर सेरिन-३ च्या जागी ग्लुटामेट किंवा ॲस्पार्टेट घातलेलं रूप त्याच वेळी, त्याच पद्धतीने बनवा.

पेशी वाढवणं आणि फोडणं

बीएल२१(डीई३) पेशी, १ लिटर एलबी, ३७ अंश. ६०० नॅनोमीटरवर ओडी (द्रावणाचा गढूळपणा) ०.६ ते ०.८ झालं की तापमान १८–२० अंशांवर आणा, प्रथिननिर्मिती सुरू करायला ०.४ मिलिमोलर आयपीटीजी घाला आणि रात्रभर, साधारण १६ तास, हलवत ठेवा. घाई असेल तर ३७ अंशांवर ३–४ तासांतही काम होतं. कोफिलिन सहसा इन्क्लूजन बॉडीत (न विरघळणाऱ्या गोळ्यांत) जात नाही. लिटरमागे ३–५ ग्रॅम ओला गोळा मिळतो.

फोडण्यासाठी बफर: ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ८.०, ३०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, २० मिलिमोलर इमिडॅझोल, १ मिलिमोलर टीसीईपी (डीटीटीसारखंच ऑक्सिडेशन रोखणारं रिड्यूसिंग एजंट) आणि ऐनवेळी घातलेलं १ मिलिमोलर पीएमएसएफ (प्रोटिएजांना रोखणारं). ग्रॅममागे ५ मिलिलिटर पुरे. बर्फात ठेवून सोनिकेशन: १० सेकंद चालू, २० सेकंद बंद, एकूण ५ मिनिटं चालू वेळ. द्रावण दुधाळ न राहता किंचित पारभासक आणि पातळ झालं पाहिजे. पीएमएसएफ विषारी आहे आणि पाण्यात फार टिकत नाही. हातमोजे घालून, आयसोप्रोपॅनॉलमधल्या स्टॉकमधून घाला.

इथे दोन सवयी मोडाव्या लागतात. एक, डीएनएचा चिकटपणा घालवायला डीएनएज-१ टाकू नका. ते ॲक्टिनच्या सुट्या मोनोमरला अतिशय घट्ट धरतं. शुद्धीकरणातून थोडं जरी सुटलं तरी पॉलिमरायझेशनचे वक्र बिघडतात आणि दोष कोफिलिनच्या माथी जातो. बेन्झोनेज हे डीएनए तोडणारं दुसरं एन्झाइम वापरा किंवा नुसतं सोनिकेशन वाढवा. दुसरी, पेशीभित्तिका फोडायला लायसोझाइमही नको. ते जोरदार धनभारित असतं, ॲक्टिनच्या तंतूंचे जुडगे करतं आणि पुढे कॅटायन एक्स्चेंज कॉलमवर कोफिलिनसोबतच अडकतं. इतर प्रथिनांसाठी निरुपद्रवी असलेल्या या दोन गोष्टी ॲक्टिनच्या कामात मात्र नडतात.

३०,००० जी वर ४ अंशांत ४० मिनिटं फिरवा आणि वरचं द्रावण ०.४५ मायक्रॉनमधून गाळा.

कॉलम

लिटरमागे २–३ मिलिलिटर निकेल-एनटीए (हिस-टॅग पकडणारं रेझिन). द्रावण सोडल्यावर आधी १ मोलर सोडियम क्लोराइडच्या बफरने १० कॉलम-आकारमान धुवा, मग ३० मिलिमोलर इमिडॅझोलने तितकंच. जास्त मिठाची ही धुलाई वगळू नका. कोफिलिन अल्कधर्मी प्रथिन आहे आणि न्यूक्लिक आम्ल सोबत घेऊन येतं. शेवटी २६० आणि २८० च्या शोषणाचं गुणोत्तर ०.६ च्या आसपास हवं, ०.७ च्या वर गेलं तर धुलाई कमी पडली आहे. बाहेर काढायला २५० मिलिमोलर इमिडॅझोल. बफरमध्ये ईडीटीए नको, ते निकेल ओढून नेतं. डीटीटीही इथे नको, रेझिन तपकिरी पडतं.

मग कापणी: २० मिलिमोलर ट्रिस पीएच ८.०, १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, १ मिलिमोलर डीटीटी यात ४ अंशांवर रात्रभर डायलिसिस, त्याच पिशवीत वजनाने २०० भागांना १ भाग यूएलपी१. यूएलपी१ हे सिस्टिन प्रोटिएज असल्यामुळे डीटीटी विसरलात तर सकाळी निम्मं प्रथिन न कापलेलं सापडेल. त्यानंतर डीटीटी नसलेल्या बफरमध्ये दोन तास बदलून पुन्हा निकेलवरून सोडा. या वेळी कोफिलिन न अडकता वाहून येतं. हिस-सुमो, न कापलेलं प्रथिन आणि हिस-टॅग असलेलं यूएलपी१ मागे राहतात.

आता जेल नीट बघा. यीस्टचा सुमो खरं तर १२–१३ किलोडाल्टनचा, पण एसडीएस जेलवर तो १८–२० च्या आसपास धावतो, म्हणजे जवळपास कोफिलिनच्या शेजारीच. वर सुमोमध्ये ट्रिप्टोफॅन एकही नाही आणि टायरोसिन नावापुरतं, त्यामुळे २८० च्या शोषणात तो जवळजवळ दिसतच नाही. शोषण म्हणतं शुद्ध, जेलवर एकच जाड पट्टी, आणि आत दोन प्रथिनं. १५ टक्क्यांचं जेल लांबवर चालवा आणि निकेलवरून शेवटी काढलेला सुमोचा नमुना शेजारच्या खान्यात लावा.

नेमक्या याच कारणासाठी पुढची पायरी कॅटायन एक्स्चेंजची (धनभारित प्रथिनं पकडणाऱ्या कॉलमची). सुमो आम्लधर्मी, कोफिलिनचा पीआय (ज्या पीएचला प्रथिनाचा निव्वळ भार शून्य असतो तो) ८ च्या वर. २० मिलिमोलर पाइप्स पीएच ६.५, २० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, १ मिलिमोलर टीसीईपीमध्ये डायलिसिस करून एसपी कॉलमवर चढवा. सुमो निसटून जातो आणि कोफिलिन २० कॉलम-आकारमानांच्या चढत्या मिठात, बहुतेक १५० ते ३०० मिलिमोलरच्या दरम्यान, उतरतं. इथे ट्रिस चालणार नाही, पीएच ६.५ ला ते बफरचं काम करतच नाही.

शेवटी सुपरडेक्स ७५, म्हणजे आकारानुसार वेगळं करणारा जेल फिल्ट्रेशन कॉलम. बफर १० मिलिमोलर इमिडॅझोल पीएच ७.०, ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, ०.५ मिलिमोलर टीसीईपी. १८ किलोडाल्टनच्या जागी एकच सममित शिखर हवं. त्याच्या अलीकडे, दुप्पट वजनाच्या जागी, खांदा दिसला तर ते डायसल्फाइडने जुळलेलं डायमर. एका लिटरमधून सगळ्या पायऱ्यांनंतर १० ते २० मिलिग्रॅम हाती आलं तर काम ठीक झालं.

सिस्टिनं

कोफिलिन-१ मध्ये चार सिस्टिनं आहेत: ३९, ८०, १३९ आणि १४७. ऑक्सिडेशन झालं की डायमर बनतात आणि हे डायमर तंतू तोडण्याऐवजी त्यांना एकत्र बांधू लागतात. म्हणजे प्रथिन नुसतं कमजोर होत नाही, उलट दिशेने काम करतं. रिड्यूसिंग एजंट नसलेलं जेल प्रत्येक बॅचला चालवा. ३७ किलोडाल्टनला पट्टी दिसली तर ५ मिलिमोलर डीटीटीत बर्फावर दोन तास ठेवून पुन्हा सुपरडेक्सवरून काढा.

डीटीटीवर साठवणीत विसंबू नका. पीएच ६.५ ला ते दिवसभर तग धरतं, पण पीएच ८.५ ला खोलीच्या तापमानात दीड तासात निम्मं संपतं. टीसीईपी टिकाऊ आहे, पण फॉस्फेट बफरमध्ये तेही हळूहळू जातं.

मास स्पेक्ट्रोमीटर हाताशी असेल तर मेथिओनिन नसलेल्या कोफिलिनचं वजन साधारण १८,३७१ डाल्टन यायला हवं. त्यावर १६ जास्त म्हणजे ऑक्सिडेशन, ७६ जास्त म्हणजे बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल चिकटलेलं, ३०५ जास्त म्हणजे ग्लुटाथिऑन.

मोजणं आणि साठवणं

२८० नॅनोमीटरवर मोलर शोषणांक १४,४४० (एक ट्रिप्टोफॅन, सहा टायरोसिनं). म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावणाचं शोषण ०.७८ आणि मोलर प्रमाण ५४ मायक्रोमोलर. कोफिलिनचे बहुतेक प्रयोग ॲक्टिनशी असलेल्या मोलर गुणोत्तरावर उभे असतात, तेव्हा ब्रॅडफर्डच्या अंदाजावर हे सोडू नका. ॲक्टिन मात्र २९० वर मोजा, शोषणांक २६,६००. ॲक्टिन ज्यात ठेवतात त्या जी-बफरमधलं (घटक खाली) एटीपी २८० वर आकडा फुगवतं.

१०० ते २०० मायक्रोमोलरपर्यंत दाट करा, २० मायक्रोलिटरचे वाटे करा, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, उणे ८० अंशांत ठेवा. वितळवल्यावर १ लाख जी वर २० मिनिटं फिरवून वरचं द्रावण घ्या आणि पुन्हा मोजा. उरलेला वाटा परत गोठवायचा नाही.

विकत आणलेलं गोठवून वाळवलेलं प्रथिन असेल तर उघडण्याआधी नळी थोडी फिरवा, सांगितलेलं पाणी घालून बर्फावर १० मिनिटं स्थिर ठेवा, व्हॉर्टेक्स करू नका. माहितीपत्रकात तीन गोष्टी शोधा: टॅग कुठे आहे आणि काढला आहे का, बफरमध्ये फॉस्फेट आहे का, आणि शुद्धतेशिवाय क्रियाशीलतेची काही चाचणी दिली आहे का. ‘९० टक्क्यांहून शुद्ध’ एवढ्यावर समाधान मानू नका.

पहिली चाचणी: सोबत खाली बसणं

सशाच्या स्नायूचं, जेल फिल्ट्रेशनने शुद्ध केलेलं ॲक्टिन घ्या. त्या शेवटच्या गाळणीशिवायच्या ॲक्टिनमध्ये ट्रोपोमायोसिन उरतं आणि ते तंतूवर कोफिलिनशी स्पर्धा करतं. जी-बफर: २ मिलिमोलर ट्रिस पीएच ८.०, ०.२ मिलिमोलर एटीपी, ०.१ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, ०.५ मिलिमोलर डीटीटी. आधी ५० मायक्रोमोलर मॅग्नेशियम क्लोराइड आणि ०.२ मिलिमोलर ईजीटीए घालून २ मिनिटं थांबा, म्हणजे ॲक्टिनमधल्या कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम येतं. मग ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, १ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १ मिलिमोलर ईजीटीए होईल असं मीठ घाला.

यानंतर दोन तास थांबायचं. इथे घाई सर्वांत महाग पडते. कोफिलिनला एडीपी असलेलं ॲक्टिन हवं असतं. एटीपी किंवा एडीपी-फॉस्फेट असलेल्या ताज्या तंतूला ते फारसं धरत नाही. तंतूतून फॉस्फेट निसटण्याचा अर्धकाळ सुमारे सहा मिनिटांचा आहे, आणि पॉलिमरायझेशनच मुळात अर्धा-एक तास चालू असतं. ताज्या तंतूंवर कोफिलिन टाकून ‘प्रथिन मेलं’ असा निष्कर्ष काढणं ही या कामातली नेहमीची चूक. याच कारणाने पीबीएस किंवा कुठलाही फॉस्फेट बफर बाद: बाहेरून आलेलं फॉस्फेट तंतूत परत बसतं आणि कोफिलिनला अटकाव करतं.

५ मायक्रोमोलर ॲक्टिनला ०, १, २.५, ५, १० आणि २० मायक्रोमोलर कोफिलिन. हीच मालिका दोन पीएचना लावा: ६.६ आणि ८.०. प्रत्येक नळीत कोफिलिन आणि साठवणीचा बफर मिळून एकूण आकारमान सारखं ठेवा. नाहीतर वाढत्या कोफिलिनसोबत मीठ आणि पीएचही बदलत जातात आणि मिठाने बाइंडिंग कमी होतं. खोलीच्या तापमानात ३० मिनिटं ठेवा, १.५ लाख जी वर ६० मिनिटं फिरवा, सुपरनॅटंट (वरचं द्रावण) लगेच उचला आणि दोन्ही भाग समान आकारमानात जेलवर चढवा. नुसतं कोफिलिन असलेली एक नळी हवीच. त्यात पेलेट (तळाशी बसलेला गाळ) दिसला तर तो गुठळ्यांचा.

पीएच ६.६ ला कोफिलिन ॲक्टिनसोबत पेलेटमध्ये जातं आणि एकास एक प्रमाणाजवळ थांबतं. वजन कमी असल्यामुळे तिथे कोफिलिनची पट्टी ॲक्टिनच्या निम्म्याहून थोडी कमी गडद दिसते. तेच बरोबर आहे. पीएच ८.० ला सुपरनॅटंटमधलं ॲक्टिन स्पष्ट वाढतं. पूर्ण विरघळण्याची अपेक्षा ठेवू नका, त्या बाबतीत कोफिलिन-१ चं भावंड एडीएफ जास्त ताकदवान आहे. दोन्ही पीएचना वेगळं चित्र मिळालं तर प्रथिन जिवंत आहे. दोन्हीकडे काहीच नसेल तर एन-टोक तपासा; पीएच ८ लाही सगळं पेलेटमध्येच राहत असेल तर डायमर शोधा. फिरवण्याचा वेग कमी पडला तर तुटलेले आखूड तंतूही वरच राहतात आणि डीपॉलिमरायझेशनचा आभास होतो.

पायरिन आणि टर्फ

पायरिन-ॲक्टिनची, म्हणजे पायरिन हा चमकणारा रंग जोडलेल्या ॲक्टिनची, चमक (३६५ वर उत्तेजन, ४०७ वर मोजणी) खाली आली म्हणजे तंतू विरघळले असं इतर प्रथिनांसोबत म्हणता येतं. कोफिलिनसोबत नाही. तंतूवर ते बसलं की पायरिनची चमक तशीच विझते, एकही मोनोमर सुटला नसला तरी. त्यामुळे पायरिनचं प्रमाण ५ टक्क्यांवर ठेवा, आणि सिग्नलची घट बाइंडिंगची की विरघळण्याची हे वरच्या सेंट्रिफ्यूज चाचणीशी ताडून बघितल्याशिवाय लिहू नका. घट पहिल्या काही सेकंदांतच होऊन थांबली तर बहुधा ती बाइंडिंगचीच.

तंतू तुटताना प्रत्यक्ष बघायचे असतील तर टर्फ सूक्ष्मदर्शक (काचेलगतचा पातळ थरच उजळवणारा). इथे कोफिलिन मायक्रोमोलरमध्ये घेऊ नका. १० नॅनोमोलरपासून सुरू करून काहीशे नॅनोमोलरपर्यंत चढा. तंतू तुटतो तो कोफिलिन बसलेल्या आणि न बसलेल्या तुकड्यांच्या सीमेवर. सगळा तंतू भरून गेला की सीमाच उरत नाही आणि तुटणं मंदावतं. जास्त डोसला परिणाम कमी दिसतो तो यामुळे. प्रथिनात खोट नसते. रंगवण्यासाठी ॲक्टिनच्या लायसिनांवर लेबल लावा, कारण सिस्टिन-३७४ वरचं लेबल कोफिलिनच्या वाटेत येतं. आणि ॲक्टिनचे तंतू रंगवायला नेहमी वापरतात ते फॅलॉइडिन इथे पूर्ण वर्ज्य. फॅलॉइडिन बसलेल्या तंतूवर कोफिलिन बसत नाही, आणि कोफिलिनने पीळ बदललेल्या तंतूवर फॅलॉइडिन बसत नाही. स्थिर केलेल्या पेशींतही कोफिलिनने भरलेले ॲक्टिनचे दांडे फॅलॉइडिनने रंगत नाहीत. ते शोधायचे तर कोफिलिनची अँटिबॉडीच हवी.

पेशींत सूक्ष्म-इंजेक्शनने द्यायचं असेल तर ट्रायटन एक्स-११४ ने एंडोटॉक्सिन (ई. कोलायच्या आवरणातलं विष) काढा आणि त्यानंतर क्रियाशीलता पुन्हा तपासा. माध्यमात नुसतं घातलेलं कोफिलिन पेशीत शिरत नाही. आत गेलेल्या प्रथिनाला पेशीतलं लिम-कायनेज लगेच फॉस्फेट लावू लागतं, तेव्हा सेरिन-३ च्या जागी ॲलानिन असलेलं, बंद न होणारं रूपही सोबत ठेवा.